भिंगरीचं प्रगतिपुस्तक

फलटणच्या एका जुन्या गल्लीत प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका राहत. गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना बाईच म्हणत. मुलगा परगावी नोकरीला, घरात त्या एकट्या. श्रावणातल्या एका संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्या पोरानं पोत्यात गुंडाळलेलं एक पिल्लू त्यांच्या ओट्यावर आणून ठेवलं. नीरा उजव्या कालव्याच्या कडेला, उसाच्या बांधावर ते भिजत पडलं होतं. रंगानं तांबूस, कानांची टोकं काळी, आणि पाय अंगापेक्षा लांब.

"दोन दिवस ठेवा बाई. मग बघू कुणीतरी," पोरगा म्हणाला.

दोन दिवसांत पिल्लू दूध पिऊन तरतरीत झालं, आणि आठवडा उलटायच्या आत त्यानं घर डोक्यावर घेतलं. स्वतःभोवती गरगर फिरायची सवय बघून बाईंनी त्याचं नाव भिंगरी ठेवलं. भिंगरीनं छत्रीच्या मुठी चावल्या, मच्छरदाणी फाडली, तुळशीची माती अंगणभर उकरली. गौरीच्या फराळातल्या करंज्या डब्यासकट पळवल्या. दारात पाहुणा दिसला की ती त्याच्या छातीवर झेप घेई, आणि बाई चालायला लागल्या की लुगड्याचा काठ दातांत धरून ओढी. एकदा त्या ओढाओढीत बाई अंगणात पडल्या. गुडघे आधीच दुखरे होते. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की हिच्यावर आपली माया आहे, पण हिला सांभाळायची ताकद आपल्यात नाही. हिच्यासाठी घर शोधायचं.

पहिलं घर लवकर मिळालं. आडतीवर धान्याचं गोदाम असलेल्या एका व्यापाऱ्याला राखणीला कुत्रं हवं होतं. बाईंनी सांगितलं, "फार हुशार आहे. चपळ आहे. पान हललं तरी जागी होते." यातला शब्द न् शब्द खरा होता. व्यापाऱ्यानं तिला गोदामाच्या दाराशी साखळीनं बांधलं. भिंगरी पहिल्या रात्री भुंकली, दुसऱ्या रात्री भुंकली, तिसऱ्या रात्री साखळीला हिसडे देऊन देऊन तिनं गळा सोलून घेतला. शेजारचे दुकानदार तक्रार घेऊन आले. आठवड्याच्या बाजारादिवशी व्यापारी तिला परत घेऊन आला. "बाई, ही राखण करत नाही, नुसता धिंगाणा करते."

दुसरं घर पुण्यातलं. दोन लहान मुलं असलेलं कुटुंब फलटणला नातेवाइकांकडे आलं होतं. मुलांनी भिंगरीला बघितलं आणि हट्ट धरला. बाई म्हणाल्या, "मुलांची तिला फार आवड आहे. दिवसभर त्यांच्याशी खेळेल." हेही खरंच होतं. पण मुलं सकाळी शाळेत जात, आईवडील कामावर, आणि चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात भिंगरी संध्याकाळपर्यंत एकटी. तिनं सोफ्याचा कापूस काढला, दाराची चौकट कुरतडली, दिवसभर रडून जिना हादरवला. मुलं घरी आली की ती आनंदानं एवढी उडी घेई, की धाकटी मुलगी रोज खाली पडे. ती मुलगी मग तिला बघून पलंगावर चढून बसू लागली. भिंगरी परत आली.

तिसऱ्या वेळी बाईंना वाटलं, आता चूक होणं शक्य नाही. गावाबाहेरचा मळा, चार एकर मोकळं रान, माणसं प्रेमळ. "हिला फक्त मोकळी जागा हवी. रानात रमेल," बाई म्हणाल्या. भिंगरी रानात रमलीही. फक्त त्या मळ्यात कोंबड्या होत्या. पहिल्याच सकाळी तिनं तीन कोंबड्या मारल्या. मळेवाला काही बोलला नाही, पण त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. अंड्यांच्या पैशांवर तिचा घरखर्च चालत होता. बाईंनी कोंबड्यांचे पैसे भरून दिले आणि भिंगरीला रिक्षात घालून थेट जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

"डॉक्टर, हिच्यात काही बिघाड आहे का ते बघा. तीन घरं झाली."

डॉक्टरांनी भिंगरीला तपासलं. दात बघितले, पाय चाचपले, गळ्यावरची जखम साफ केली. "तब्येत उत्तम आहे. आत्ता दात बदलतायत, म्हणून जे दिसेल ते चावते. आणि बिघाड म्हणाल तर तो हिच्यात नाही. जे जनावर दिवसभर काम करू शकतं, त्याला काम नसलं की ते स्वतःच काम शोधतं. चौकट कुरतडणं हे तिच्या लेखी कामच." मग त्यांनी साखळीच्या वणावर बोट ठेवलं. "आणि कुत्र्याला कायमचं बांधून ठेवून त्याला हिंडूफिरू न देणं, हे १९६० च्या प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानं क्रूरतेतच मोडतं. त्या व्यापाऱ्याला हे माहीत होतं का?"

"नसेल."

"आणि बांधल्यावर ही काय करते, ते तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?"

बाई गप्प झाल्या.

"मळेवाल्याला काय सांगितलंत?"

"रानात रमेल म्हणून."

"हलणाऱ्या प्रत्येक वस्तूमागं धावते, हे?"

बाईंनी मान हलवली. डॉक्टर मृदू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही एकदाही खोटं बोलला नाहीत. पण तिन्ही वेळा अर्धंच बोललात. लोकांनी उरलेलं अर्धं आपल्या मनानं भरलं. मग आपल्या मनातलं कुत्रं त्यांना मिळालं नाही, म्हणून त्यांनी हे परत केलं."

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. इतकी वर्षं त्यांनी मुलांची प्रगतिपुस्तकं लिहिली होती. ज्या पोराचं गणित कच्चं, त्याच्या पुस्तकात त्या स्वच्छ शब्दांत तसं लिहीत, कारण नुसतं चांगलं लिहिलेलं प्रगतिपुस्तक पुढच्या वर्गाच्या शिक्षकाच्या काही उपयोगाचं नसतं. तो पोराला नको तिथे शिक्षा करतो आणि हवं तिथे मदत करत नाही. मग भिंगरीचंच पुस्तक आपण कोरं का ठेवलं? ती कुणी नेणार नाही, या भीतीनं. आणि त्या भीतीपायीच ती तीन वेळा परत आली होती.

सकाळी त्यांनी कागद घेतला आणि शाळेत लिहीत तशा वळणदार अक्षरात लिहिलं:

"नाव भिंगरी. मादी. वय अंदाजे पाच महिने. सगळ्या लसी दिल्या आहेत, रेबीजचीही. नसबंदी वेळ आली की माझ्या खर्चानं करून देईन.

येतं ते : नावानं हाक मारली की येते, मात्र समोर काही पळत नसेल तर. 'बस' म्हटलं की बसते. वास घेऊन लपवलेली भाकरी शोधून काढते. माणसाला कधी रागानं चावलेली नाही. एकदा शिकवलेलं विसरत नाही.

येत नाही ते : एकटं राहणं. बांधून राहणं. हळू चालणं. पाहुण्यांच्या अंगावर उडी न मारणं.

घडलेले प्रकार : तीन कोंबड्या मारल्या. एक सोफा आणि एक चौकट कुरतडली. लहान मुलीला अनेकदा पाडलं, इजा झाली नाही. चपला किती गेल्या याची मोजदाद नाही.

हवं ते : दिवसातून दोनदा दमेपर्यंत हिंडवणारं माणूस. दिवसभर घरात कुणीतरी. मारणारं कुणी नको. मारल्यानं ती सुधारत नाही, फक्त लपून करते."

कागद दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लागला. लोक वाचत आणि हसत. दूधवाला पोरगा काळजीत पडला. "बाई, असं लिहिल्यावर कोण नेणार हिला?"

"जो नेईल, तो वाचून नेईल," बाई म्हणाल्या.

कागद वाचून दोन जण दारातूनच परत गेले. एकाच्या घरी आजारी आई होती, दुसऱ्याकडे मांजरं होती. पूर्वीच्या बाईंना याचं वाईट वाटलं असतं. आता त्यांना वाटलं, दोन घरांचा मनस्ताप वाचला आणि भिंगरीचे दोन हेलपाटे. तिसरा आला तो तिच्या लांब पायांवर खूश होऊन. सशाच्या शिकारीला असंच जनावर पाहिजे, असं तो बोलून गेला. बाईंनी त्याला ओट्यावरूनच वाट दाखवली. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे तर त्यांनी सांगितलंच; शिवाय हेही सांगितलं, की तिचा वेग आवडणारा प्रत्येक माणूस तिच्या भल्याचा नसतो.

दिवाळी झाली. फलटण-माण भागातल्या मेंढपाळांची बिऱ्हाडं घोड्यांवर लादून चाऱ्यासाठी बाहेर पडायचे दिवस आले. मेंढरांसाठी जंताचं औषध न्यायला एक वयस्कर मेंढपाळ दवाखान्यात आला, तेव्हा डॉक्टरांना भिंगरी आठवली. त्यांनी त्याला बाईंकडे पाठवलं. गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं, आता प्रश्न सुटला. मोकळं माळरान, रोजची मैलोन्‌मैल चाल, रात्री लांडग्यापासून राखण! भिंगरीसाठी याहून चांगलं घर कुठलं?

मेंढपाळानं दूधवाल्याकडून कागद वाचून घेतला. मग म्हणाला, "मेंढराजवळ नेऊन बघू."

गावाबाहेर त्याचा कळप बसला होता. बाईंनी भिंगरीला दोरीनं घट्ट धरलं होतं. मेंढरं दिसताच तिनं अंग जमिनीसरसं केलं, कान उभे झाले, आणि एक कोकरू उडी मारून पळताच तिनं एवढा जोराचा हिसका दिला की मेंढपाळानं दोरी धरली नसती तर बाई पुन्हा पडल्या असत्या. वाड्यावरचं म्हातारं कुत्रं मेंढरांमध्ये निवांत पडलं होतं. एक कोकरू त्याच्या पाठीला टेकून झोपलं होतं.

"न्हाय बाई," मेंढपाळ म्हणाला. "माझ्या कामाची न्हाय."

"पण रानात..."

"रान कुत्र्याला पुरत न्हाय. आमचं कुत्रं दिवसभर पळत न्हाय, ते मेंढरात बसतं. त्याला मेंढरू म्हंजी आपलं घर वाटाय पायजे. त्यासाठी पिल्लू डोळं उघडल्यापास्नं कोकरांत वाढवावं लागतं, थोरल्या कुत्र्याच्या धाकात. हिचं ते वय निघून गेलं. आता मी नेली, तर एक दिवस ती कोकरू धरंल आणि मला काठी उचलावी लागंल. तुमी कागदावर खरं लिवलंय, मग मी पण खरं सांगतो."

बाईंचा चेहरा उतरला. पण याच माणसानं पुढं विचारलं, "हिला पळायलाच पायजे न्हवं? माणसासंगं पळंल?"

"मी पळू शकत नाही. पण अंगणात पोरं धावली की ती बाकी सगळं विसरून त्यांच्या बरोबरीनं धावते."

"माझ्या बहिणीची लेक हाय माणात. पहाटं पळाय जाती. अंधारात एकटी नको म्हणून तिची आई बॅटरी घेऊन रस्त्यावर उभी ऱ्हाती, रोज. तिला कळवतो."

माण हा दुष्काळी तालुका, आणि धावणाऱ्या मुलींचा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोही गावची. मेंढपाळाची भाची पंधरा वर्षांची होती. चार दिवसांनी ती आईबरोबर एसटीनं फलटणला आली. वडील नवी मुंबईत माथाडी कामगार, घरी माय-लेकी दोघीच. आई शिलाईचं काम करायची.

मुलीनं कागद सावकाश वाचला. मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि बाईंच्या लक्षात आलं, की आजवर आलेल्या कुणीच असे प्रश्न विचारले नव्हते. कोंबडी मारली तेव्हा भिंगरीला भूक लागली होती का? चौकट कुरतडली तेव्हा किती वेळ एकटी होती? उडी मारते तेव्हा काय म्हटलं की थांबते? आईनं विचारलं, "शेजारी कोंबड्या हायेत. भिंत छातीएवढी. उडी मारंल का?"

"मारेल," बाई म्हणाल्या.

"मग काहीतरी करावं लागंल," आई म्हणाली, आणि उठून न जाता तिनं चहाचा घोट घेतला.

दवाखान्यात मुलीनं मोठ्या उत्साहानं विचारलं, "उद्यापासून पहाटे बरोबर नेऊ?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग अजून मऊ आहे. मोठी कुत्री साधारण दीड वर्षाची होईपर्यंत तो पक्का होत नाही. तोवर लांब पल्ला नाही, डांबरी रस्त्यावर दौड नाही. तुझं धावणं संपल्यावर शेवटी हळू चालतेस ना, तेवढं तिला बरोबर घे. नदीच्या वाळूत मोकळं खेळू दे, पण थांबायचं तिनं ठरवायचं. आणि नाकाला काम दे. वास घेत शोधणं हे कुत्र्याला धावण्याइतकंच दमवतं."

मुलीचा चेहरा क्षणभर पडला. तिला आजच सोबत हवी होती. आई तिच्याकडे बघत म्हणाली, "मी आणखी एक वरीस उभी ऱ्हाईन की बॅटरी घेऊन. तू काय एका दिवसात पळाय शिकलीस?"

तरीही बाईंनी भिंगरी त्या दिवशी दिली नाही. त्या दहिवडीच्या एसटीत बसून स्वतः त्यांचं घर बघायला गेल्या. भिंत बघितली, फाटकाची कडी ओढून पाहिली, शिलाई मशीन कुठे आहे आणि तिथून अंगण दिसतं का ते पाहिलं. माणगंगेच्या कोरड्या पात्रापर्यंत चालत गेल्या. मग अट घातली. पहिले पंधरा दिवस परीक्षेचे. जमलं नाही तर भिंगरी परत येईल ती माझ्याच दारात. रस्त्यावर सोडायची नाही, परस्पर कुणाला द्यायची नाही, आणि परत आणली म्हणून कुणी कुणाला दोष द्यायचा नाही.

भिंगरी माणात गेली. पहिले तीन दिवस ती मशीनखालून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी बाहेर आली आणि दोन चपला खाल्ल्या. त्या दिवसापासून चपला भिंतीतल्या उंच खुंटीवर गेल्या. पहाटे धावणं संपवून मुलगी तिला नदीत नेई. दुपारी आई चिंध्यांच्या ढिगात भाकरीचे तुकडे लपवी. अर्धा तास हुंगाहुंगी करून भिंगरी पायाशी आडवी होई. पाहुणा आला की मुलगी तिला आधी 'बस' म्हणे आणि ती बसल्यावरच पाहुण्याला हात लावू देई. कधी जमे, कधी पाहुण्याच्या सदऱ्यावर पंजे उमटत.

परीक्षेचे दिवस संपत आले असताना बाईंचा फोन वाजला. पलीकडून आई बोलत होती. "बाई, कागदावर लिवलं होतं तसंच झालं. भिंतीवरनं उडी मारली आणि शेजारणीची कोंबडी धरली."

बाईंच्या पोटात गोळा आला. मळेवाल्याच्या बायकोचे डोळे त्यांना आठवले. स्वतःला सावरून त्या म्हणाल्या, "मी उद्या सकाळच्या गाडीनं येते. घेऊन जाते तिला."

"न्यायला कशाला?" आईला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "कोंबडीचं पैसं दिलं मी. शेजारीण चिडली, पण समजली. भिंतीवर जाळी लावायला गवंडी बोलावलाय. ती हात-दीड हात उंच केली तर पुरंल का आणखी लागंल, एवढंच इचारायला फोन केला."

बाई काही वेळ बोलूच शकल्या नाहीत. मळ्यातही कोंबडीच मेली होती आणि इथंही. कुत्री तीच, खोड तीच. पण मळ्यात त्या घटनेनं घर बंद झालं, आणि इथं त्या घटनेनं भिंत उंच झाली. मळ्यातल्या माणसांना फसल्यासारखं वाटलं होतं. इथल्या माणसांना जे कबूल केलं होतं तेच समोर आलं होतं, आणि त्याची तयारी मनात आधीच झालेली होती.

जाळी लागली. भिंगरी राहिली. नसबंदी झाली, बाईंनी शब्द दिल्याप्रमाणे खर्च केला. पुढच्या पावसाळ्यात तिचं अंग भरलं, डॉक्टरांनी पाय तपासून हळूहळू अंतर वाढवायला परवानगी दिली, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून मुलीच्या आईला पहाटे बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागत नाही. जिच्या पळण्यानं चार घरं हैराण झाली, तिच्या पळण्याच्या भरवशावर आता एक आई निर्धास्त झोपते. चपला मात्र अजूनही खुंटीवरच असतात.

तात्पर्य हे, की कुणासाठी जागा शोधताना, मग ते पिल्लू असो, पोर असो की कामावर घ्यायचा माणूस, त्याचे गुण सांगणं पुरेसं नाही. गुण ऐकून दारं पुष्कळ उघडतात, पण ती ऐकलेल्या गुणांपुरतीच उघडलेली असतात. पहिली खोड दिसताच बंद होतात. उणं आधी सांगितलं की बहुतेक लोक निघून जातात, आणि त्यांनी जाणंच योग्य असतं. जो ते सगळं ऐकूनही बसून राहतो आणि "मग काहीतरी करावं लागेल" म्हणतो, त्याचं घर खरं. ज्याच्यावर आपली माया आहे, त्याच्याबद्दल पूर्ण खरं बोलायचं धैर्य हाही त्या मायेचाच भाग आहे.